हॉल मागण्याचा प्रसंग

"सर, काहीतरी हलकंफुलकं बोला हं," शांतिनाथ मगदूम म्हणाले आणि नाझरे सरांच्या छातीवर गुलाबाची कळी टाचायला लागले. "आमची मंडळी आठवडाभर दमलेली असतात. रविवारी डोक्याला ताप नको त्यांच्या."

टाचणी बहुतेक शर्टातून आत गेली. सर दचकले, पण हसले. मगदूमांना ते कळलंही नाही. खतांचे मोठे डीलर आणि त्या वर्षीचे जीवनस्नेह सेवा क्लबचे अध्यक्ष होते ते. गळ्यात निळी पट्टी, पट्टीला बशीएवढं पितळी पदक. चालताना ते पदक पोटावर आपटायचं आणि ते त्याला हात लावून बघायचे, आहे ना म्हणून.

"आणि आपला तो विषय?" सरांनी हळूच विचारलं.

"कुठला? हां, हां, हॉलचा. काढतो की. आधी माणसं खूष झाली पाहिजेत ना, सर. माणसं खूष झाली की मग शेवटी मी उठतो आणि विषय काढतो. तुम्ही निर्धास्त राहा."

मी सरांच्या मागे उभी होते. मला कळी मिळाली नाही. मी पाहुणी नव्हते, पाहुण्यांबरोबर आलेली होते, आणि अशा माणसांसाठी त्या क्लबात कळ्या आणत नसत.

बावीस-तेवीस वर्षं झाली ह्याला. मी तेव्हा जयसिंगपुरात दूध संघात कारकून होते आणि संध्याकाळी नाझरे सरांच्या 'चौकट' नाट्यमंडळात काम करायचे. सर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात नाटक बसवायचे. खरं तर उलटं म्हणायला पाहिजे. नाटक बसवायचे आणि उरलेल्या वेळात चित्रकला शिकवायचे. आमच्या मंडळात शिंपी होता, एसटीचा कंडक्टर होता, दोन शिक्षिका होत्या. आम्ही सगळेच हौशी, पण सरांपुढं हौशी हा शब्द काढायची सोय नव्हती.

ज्या हॉलच्या दारात मगदूम कळ्या टोचत होते, तो हॉल क्लबचा. पण कित्येक वर्षं तो वापरला आम्ही. तेव्हा तिथं वर पत्रा होता, खाली शहाबादी फरशी होती आणि चिमण्या होत्या. क्लबवाल्यांना तेव्हा तो नकोसा होता. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हॉलचं नूतनीकरण करू या. केलं. छताला थर्माकोलसारखं काहीतरी लावलं, फरशी गुळगुळीत केली, लाल मखमलीचे पडदे टांगले, आणि आम्हाला सांगितलं की आता फरशी खराब होते, तालमी दुसरीकडं करा. दुसरीकडं म्हणजे कुठं, हे विचारायला आम्ही गेलो की, "कमिटीपुढं ठेवू," असं उत्तर मिळायचं. वर्षभर ती कमिटी बसली नाही. बसली असेल, तर जेवायला बसली असेल.

त्या वर्षी आमचं नाटक राज्य स्पर्धेला जायचं होतं. अकरा पात्रांचं, भांडणाचं, मोठ्या आवाजाचं नाटक, आणि त्यात मला पहिल्यांदाच मुख्य काम मिळालेलं. दूध संघाच्या शेडमध्ये तालमी चालल्या होत्या, तिथूनही आम्हाला काढलं. जागा नसेल तर नाटक नाही, एवढा सरळ हिशेब होता. प्रयोग करणार की नाव मागं घेणार, हे सोमवारी स्पर्धेच्या केंद्रावर कळवायचं होतं. आणि रविवारी मगदूमांनी सरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. सर रात्रभर भाषण लिहीत बसले होते. सकाळी मला म्हणाले, "वैजू, तू चल बरोबर. माझ्याकडून काही राहिलं तर आठवण कर."

आम्ही आत गेलो. अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि सभा सुरू झाली.

त्या सभेसारखा पोरकटपणा मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही. पोरंसुद्धा बरी. आधी सगळ्यांनी उभं राहून सेवेची शपथ घेतली. मग कुणाच्या तरी सासऱ्यांना श्रद्धांजली म्हणून सगळे पुन्हा उभे राहिले, आणि तेवढ्यात मागं आचाऱ्यानं पुऱ्या तळायला घेतल्या, तर अर्धे लोक मान खाली घालूनच वास घेत होते. मग ज्यांचे त्या आठवड्यात वाढदिवस त्यांना टाळ्या, मग ज्यांच्या लग्नाचे वाढदिवस त्यांना टाळ्या. एकानं नवी गाडी घेतली म्हणून त्यालाही टाळ्या. ह्या लोकांना टाळ्यांचं इतकं व्यसन होतं की कुणी शिंकलं असतं तरी वाजवल्या असत्या.

सेक्रेटरी ॲडव्होकेट उपाध्ये पाहुण्यांचा परिचय करून द्यायला उठले. "कलेच्या क्षेत्रात ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं, ज्यांनी असंख्य चित्रपट आणि मालिका गाजवल्या, असे आपले लाडके श्रीयुत नाझरे..." सर आयुष्यात कधी कॅमेऱ्यापुढं उभे राहिले नव्हते. पण मंडळींनी माना डोलावल्या. एकजण तर शेजारच्याला म्हणाला, "बघितलंय, बघितलंय मी ह्यांना."

माझ्या शेजारी मगदूमांच्या बायको बसल्या होत्या, त्रिशलावहिनी. त्या माझ्याकडं झुकून म्हणाल्या, "तू मुलगी का गं सरांची?"

"नाही. मी त्यांच्या नाटकात काम करते."

"अगंबाई! आणि घरचे सोडतात?"

त्यांनी पर्समधली बडीशेप माझ्यापुढं केली. मी घेतली नाही.

सर बोलायला उभे राहिले. नाटकाला जागा का लागते, हा त्यांचा विषय होता. फार चांगलं लिहिलं होतं त्यांनी. संहिता खिशात मावते, पण नाटक खिशात मावत नाही, त्याला चालायला फरशी लागते, असं काहीतरी. एक मोबाईल वाजला. ज्याचा होता तो जागेवरूनच बोलला, "मीटिंगमध्ये आहे, हां, युरियाचं उद्या बघू." दोघं उठून पुऱ्यांकडं चक्कर मारून आले. सरांचा आवाज हळूहळू बारीक व्हायला लागला. समोरचा माणूस ऐकत नाही हे नटाला पायाच्या अंगठ्यापासून कळतं. त्यांनी एक पान वाचलं, दुसरं पान तसंच उलटवलं आणि गप्प उभे राहिले.

"सर, भाषण राहू द्या की!" पहिल्या रांगेतून डॉक्टर रावळ ओरडले. दातांचे डॉक्टर. "काहीतरी करून दाखवा! ॲक्टिंग करून दाखवा!"

"हां, करून दाखवा, करून दाखवा!" सगळा हॉल जागा झाला. अस्वलवाला गावात आल्यावर होतो तसा आनंद झाला सगळ्यांना.

मला वाटलं, सर आता निघतील. ते माझ्याकडं बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. मग त्यांनी कागदांची घडी करून खिशात घातली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "एक प्रसंग करू या. अध्यक्षसाहेब, तुम्ही या."

"मी? अहो, मला कुठं येतंय!" असं म्हणत मगदूम लगबगीनं उठलेसुद्धा.

"ह्या खुर्चीवर बसा. तुम्ही एका हॉलचे मालक. मी एका नाटक मंडळाचा माणूस. मी तुमच्याकडं हॉल मागायला आलोय."

"मग मी काय बोलायचं?"

"काही वेगळं नको. नेहमी बोलता तेच बोला."

मी पदराआड हसले. वाटलं, शाब्बास सर, आता बघा कसं तोंडघशी पाडतात ते. पण मगदूमांना काही टोचलं नाही. ते पदक सारखं करून खुर्चीत रेलले.

सर दारापर्यंत मागं गेले आणि तिथून आत आले. "साहेब, येऊ का?"

"या, या सर. चहा घेणार? नाही ना? बरं, बोला."

"हॉलचं विचारायला आलो होतो."

"कमिटीपुढं ठेवू की!" मगदूम म्हणाले आणि सभागृहात हशा झाला. मगदूम खूष झाले. "सध्या जरा अडचण आहे. फरशी नवीन आहे. पुढच्या महिन्यात बघू."

"साहेब, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे." सर थांबले. पुढचं वाक्य त्यांना सापडत नव्हतं. मी त्यांना आठ वर्षं ओळखत होते, पण स्टेजवर वाक्य हरवलेलं पहिल्यांदाच पाहत होते. "संध्याकाळचे दोनच तास द्या. आम्ही चपला बाहेर काढू. फरशी आम्ही स्वतः पुसून देऊ, रोज. भिंतीला खिळा मारणार नाही. पडद्यांना हात लावणार नाही."

"आवाज फार होतो हो तुमचा. शेजारी तक्रार करतात."

"मग आवाज करत नाही." सरांनी हात जोडले. धड जोडलेही नाहीत, एकावर एक ठेवले नुसते. "हे नाटक नको असेल तर दुसरं घेतो, साहेब. हळू बोलायचं घेतो. कमी माणसांचं घेतो. पण जागा द्या. ह्या पोरांना मी काय सांगू? माझी बायको इथं त्या खिडकीपाशी बसून प्रॉम्प्टिंग करायची. आता ती नाही, आणि ही जागाही गेली तर मी संध्याकाळी कुठं जाऊ?"

त्यांचा आवाज फाटला. ते खाली त्या गुळगुळीत फरशीकडं बघत राहिले. खांदे पडले होते, तोंड अर्धवट भिंतीकडं वळलं होतं, शेवटचे शब्द तर मागच्या रांगांना ऐकूही गेले नसतील. त्यांच्या तालमीत मी अशी उभी राहिले असते तर त्यांनी मला वहाण फेकून मारली असती.

ह्या माणसांपुढं! दातांच्या डॉक्टरांपुढं आणि खतांच्या डीलरपुढं! मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. पण एक मनात आलं की चला, आता तरी कळलं असेल. एवढं कळायला नाटकातलं काही समजावं लागत नाही.

मग डॉक्टर रावळ उठून उभे राहिले.

"काय ॲक्टिंग! काय ॲक्टिंग, च्यायला! वन्स मोअर!"

आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. मगदूम खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होते. उपाध्ये शिट्टी मारायचा प्रयत्न करत होते, ती येत नव्हती. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

त्रिशलावहिनी मला म्हणाल्या, "किती खरं वाटतं, नाही?"

"खरंच आहे ते," मी म्हणाले.

"अगदी!" त्या म्हणाल्या.

मी सरांकडं बघितलं. आता ते चिडतील, कागद फेकतील, मला खूण करतील आणि आम्ही ताठ मानेनं बाहेर पडू, असं मला वाटत होतं. मी चपलेत पायही सरकवला. सरांनी मान वर केली. टाळ्या वाजतच होत्या. सर त्या ऐकत होते. एकेका रांगेवरून त्यांची नजर फिरली, आणि बघता बघता त्यांचे खांदे सरळ झाले.

"अध्यक्षसाहेब, खुर्ची थोडी तिरकी घ्या," ते म्हणाले. "म्हणजे मंडळींना आपण दोघं दिसू."

त्यांनी तो प्रसंग पुन्हा केला.

ह्या वेळी ते दारातून आत आले तेव्हा उंबऱ्यावर जरासे अडखळले. "हॉलचं विचारायला," म्हणताना आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. फरशी पुसतो म्हणताना त्यांनी खांद्यावरच्या पंच्याला हात घातला, जो तिथं नव्हताच, आणि वाकून फरशी पुसून दाखवली. हशा आला. हशा संपेपर्यंत ते थांबले. "हळू बोलायचं घेतो, साहेब," हे वाक्य त्यांनी इतकं हळू घेतलं की सगळा हॉल पुढं झुकला. बायकोचं नाव घेतलं. आधी नव्हतं घेतलं. "माझी सुमन," म्हणाले, आणि खिडकीकडं असे वळले की डोळ्यांतलं पाणी उजेडात चमकलं. आणि शेवटी ते मगदूमांच्या पायांवर पडले. अगदी अलगद, गुडघा न आपटता, तोंड प्रेक्षकांकडं ठेवून.

एकही जागा चुकली नाही. आणि मला ते बघवत नव्हतं.

लोक वेडे झाले. त्रिशलावहिनींचा रुमाल ओला झाला होता. मगदूमांनी सरांना उठवून मिठी मारली, मधे ते पदक रुतलं. डोळे पुसत त्यांनी माईक हातात घेतला.

"मित्रहो, आज मी भारावून गेलोय. सर, मी अध्यक्ष म्हणून सगळ्यांच्या साक्षीनं सांगतो. मागा. आज तुम्ही जे मागाल ते हा क्लब देईल!"

मी खुर्चीतून उठलेच. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, माईकवरून, सगळ्यांपुढं. दोन अक्षरांचं काम होतं.

"सर, हॉल!" मी ओरडले. "हॉल मागा!"

लोक हसले. प्रसंगातलाच भाग वाटला त्यांना. सरांनी माझ्याकडं पाहिलं. रंगलेल्या प्रयोगात विंगेतून कुणीतरी भांडं पाडल्यावर बघावं, तसं. मग ते मगदूमांकडं वळले आणि त्यांनी हात जोडले. ह्या वेळी नीट, छातीशी.

"अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "कलावंताला आणखी काय पाहिजे? एवढी दाद मिळाली. भरून पावलो. मला काही नको."

टाळ्या, टाळ्या, टाळ्या. मगदूमांनी घंटा वाजवली आणि लोक पुऱ्यांकडं धावले.

मी सरांकडं गेले नाही. त्यांच्याभोवती गर्दी होती, कुणीतरी त्यांना बासुंदीची वाटी देत होतं. मी सरळ मगदूमांना गाठलं. ते ताट वाढून घेत होते.

"साहेब, आम्हाला खरंच हॉल पाहिजे. तालमीला. तुम्हीच म्हणाला होता, शेवटी विषय काढतो म्हणून."

"अगं ताई, मी तर सगळ्यांपुढं विचारलं की! सरच म्हणाले, काही नको."

"ते म्हणाले, पण उद्या आम्हाला स्पर्धेला कळवायचंय. हॉल नसेल तर नाटक होणार नाही."

"आता एवढ्या मोठ्या कलावंताच्या शब्दापुढं मी कसा जाऊ? अपमान होईल त्यांचा." त्यांनी ताटात आणखी एक पुरी घेतली. "आणि तुला सांगू का, नाटक-बिटक कशाला एवढं लांबलचक? हा आयटम लई भारी आहे. पुढच्या महिन्यात आमचे प्रांतपाल, म्हणजे सगळ्या क्लबांचे वरचे साहेब, येणार आहेत. सरांना म्हटलं, हाच ठेवू. सर हो म्हणाले."

मी न जेवता बाहेर पडले. सर थोड्या वेळानं आले. काखेत शाल, हातात नारळ, दुसऱ्या हातात काचेचं स्मृतिचिन्ह, आणि खिशावर ती कळी. भर उन्हात आम्ही स्टेशन रोडनं चालायला लागलो. ते रागावतील किंवा खजील होतील, काहीतरी बोलतील, म्हणून मी वाट बघत होते. ते चालताना ओठ हलवत होते. प्रसंग घोळवत होते.

"प्रांतपालांसमोर थोडा वाढवावा लागेल," ते म्हणाले. "मधे एक चहाचा प्रसंग टाकतो. आणि मगदूमांना सांगायला हवं, माझ्या वाक्यावर डोळे पुसू नका. लक्ष जातं."

"आणि आपलं नाटक, सर?"

"बघू गं. पुढच्या वर्षी." मग ते थांबले आणि माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर उत्सुकता होती, पहिल्या प्रयोगानंतर आम्ही त्यांच्याकडं बघायचो तशी. "वैजू, खरं सांग. दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं ना?"

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यांदा चांगलं झालं होतं."

त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. ते खोटं कधीच बोलायचे नाहीत, नाटकाच्या बाबतीत तर नाहीच.

"छे," ते म्हणाले. "पहिल्यांदा मी खरंच मागत होतो. ते कच्चं झालं."

मला त्या क्षणी त्या माणसाची किळस आली. मगदूमांची येत होती त्याहून जास्त. मगदूम काय, खतवाला माणूस, त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. मी सरांचा नारळ त्यांच्या हातात तसाच राहू दिला आणि पलीकडच्या बाजूनं घरी गेले.

सोमवारी स्पर्धेच्या केंद्राला मीच फोन करून आमचं नाव मागं घेतलं. त्यानंतर मी 'चौकट'मध्ये गेले नाही, आणि दुसऱ्या कुठल्या मंडळातही गेले नाही. पुढच्या महिन्यात प्रांतपाल आले. मगदूमांनी हॉल मालकाचं काम केलं आणि सरांनी हॉल मागितला. फार रंगला म्हणे. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती.